प्रक्षेपक व्हॉल्व्हचें आयुरारोग्य

घरांतल्या नभोवाणीच्या पेटींतून व्हॉल्व्ह हद्दपार होऊन आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. संच लावल्यावर आवाज यावयास अर्धा मिनिट लागे, पेटीच्या पाठीमागच्या भोंकांच्या पुठ्ठ्यांतून तांबूस उजेड दिसे, आणि मधूनच एखादा व्हॉल्व्ह ‘गेला’ म्हणून दुकान गांठावें लागे, ही आठवण घरांतील वडील मंडळींना अद्याप असेल. १९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत त्यानें घरगुती व्हॉल्व्हची सद्दी संपवली. तरीहि एका जागीं व्हॉल्व्ह अजून ठाण मांडून आहे. ती जागा म्हणजे हौशी प्रक्षेपणकारांचें शक्तिवर्धक यंत्र.

हौशी प्रक्षेपणकार म्हणजे सरकारचा रीतसर परवाना घेऊन, कोणत्याहि धंद्याच्या हेतूवांचून, केवळ विद्येच्या व मैत्रीच्या आवडीनें बिनतारी संभाषण करणारी मंडळी. जगभर त्यांना ‘हॅम’ या लाडक्या नांवानें ओळखतात. त्यांच्या टेबलावरील संच साधारणपणें शंभर वॅट शक्ति बाहेर टाकतो. एवढ्यावरहि दूरदूरच्या देशांशीं बोलतां येतें. पण वातावरण प्रतिकूल असलें, खरखर फार असली, म्हणजे शंभर वॅटचा आवाज गर्दींतल्या कुजबुजीसारखा बुडून जातो. अशा वेळीं संच व एरियल यांच्या मध्यें शक्तिवर्धक जोडतात. अमेरिकेंत या कामीं १,५०० वॅटपर्यंत मुभा आहे. भारतांत मर्यादा याहून पुष्कळच कमी आहे. ट्रान्झिस्टरचे शक्तिवर्धक आतां सर्रास मिळतात, तरीहि व्हॉल्व्हचीं यंत्रें हजारों घरांत चालू आहेत. कारण तीं दणकट असतात, क्षणिक चूक सोसतात आणि घरच्या घरीं दुरुस्त करतां येतात.

परंतु या दणकट यंत्राचें काळीज म्हणजे एक किंवा दोन व्हॉल्व्ह, आणि तेच आज दुर्मिळ होत चालले आहेत. अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीनें नभोवाणी संचांच्या व्हॉल्व्हचें उत्पादन १९७६ सालीं बंद केलें. मग एकामागून एक कारखान्यांनीं तोच मार्ग धरला. प्रक्षेपणाचे कित्येक नमुने आतां जुन्या साठ्यांतूनच मिळवावे लागतात, आणि मिळाले तरी त्यांची किंमत ऐकून संसारी माणूस मागें सरतो. म्हणून हातीं असलेला व्हॉल्व्ह टिकवणें हा हौशी माणसाच्या दृष्टीनें आतां काटकसरीपुरता प्रश्न राहिलेला नाहीं; व्हॉल्व्ह गेला तर यंत्रच कायमचें मुकें होण्याचा संभव आहे.

व्हॉल्व्ह टिकतो किती? सामान्य समज असा कीं, तो विजेच्या दिव्यासारखा आहे. त्याचे दिवस भरले कीं तो जातो. हा समज अर्धाच खरा आहे. १९५६ सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं स्कॉटलंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत दूरध्वनीची पहिली तार टाकण्यांत आली. वाटेंत क्षीण होणारा आवाज पुन्हां सबळ करण्यासाठीं त्या तारेंत ठिकठिकाणीं वर्धक बसवले होते आणि त्या प्रत्येकांत व्हॉल्व्ह होते. समुद्राच्या तळाशीं जाऊन व्हॉल्व्ह बदलणें शक्य नव्हतें. ती तार १९७८ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, अहोरात्र चालली. तेथील व्हॉल्व्ह मुद्दाम कमी आंचेवर, अल्प प्रवाहावर आणि अखंड एकसारख्या दाबावर चालवले जात. यावरून उघड होतें कीं, व्हॉल्व्ह केवळ वयानें क्वचितच मरतो. त्याला बहुधा आंच, घाई आणि हयगय मारतात, आणि या तिन्ही गोष्टी मालकाच्या हातांतल्या आहेत.

हें नीट कळण्यास व्हॉल्व्हच्या आंत डोकावलें पाहिजे. कांचेची किंवा चिनी मातीच्या जातीची एक बंद नळी असते. तिच्यांतील हवा शक्य तितकी काढून टाकलेली असते. मध्यभागीं तापणारा तंतु किंवा तापवलेली नळकांडी असते. तिला ऋणाग्र म्हणतात. उकळत्या पाण्यांतून वाफ निघावी तसे या तप्त ऋणाग्रांतून विद्युत्कण बाहेर पडतात. सभोंवतीं धातूचें किंवा ग्रॅफाइटचें धनाग्र असतें. त्यावर दोन-तीन हजार व्होल्टचा दाब ठेवला म्हणजे विद्युत्कण त्याकडे धांव घेतात. जॉन अँब्रोझ फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०४ सालीं एवढ्याच दोन भागांचा व्हॉल्व्ह बनवला. अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट यानें १९०६-०७ च्या सुमारास त्या दोहोंमध्यें तारेची जाळी बसवली आणि व्हॉल्व्हला खरी किंमत आली. कालव्याच्या तोंडाशीं असलेलें दार एक माणूस हातानें वरखालीं करतो आणि त्यासरशीं पाण्याचा प्रचंड लोंढा कमीजास्त होतो. तसेंच जाळीवरील अल्पशा दाबानें धनाग्राकडे जाणारा मोठा प्रवाह हवा तसा वळवतां येतो. शक्तिवर्धन तें हेंच.

मात्र या व्यवहारांत कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जातेच. यंत्रांत हजार वॅट घातले तर सुमारें सहाशें वॅट एरियलकडे जातात आणि उरलेले चारशें वॅट व्हॉल्व्हच्या धनाग्रावर आंच होऊन बसतात. मुठीएवढ्या वस्तूंत ही एवढी उष्णता आणि तिच्याशेजारीं नाजूक तारा व कांचेचे सांधे, अशी ही शेजारवस्ती आहे.

व्हॉल्व्हच्या आयुष्याचा पहिला हिशेब ऋणाग्रापाशीं मांडावा लागतो. ऋणाग्राच्या तीन जाती आहेत. पहिली शुद्ध टंगस्टनची. तिला सुमारें २,२०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावें लागतें. दुसरी थोरियममिश्रित टंगस्टनची. तिला सुमारें १,७०० अंश पुरतात. तिसरी बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या प्राणिदांचा लेप दिलेली. ती ८०० अंशांच्या आसपासच काम देते. हौशी मंडळींच्या यंत्रांत दुसरी व तिसरी जात आढळते. ८११-ए, ८१३ आणि ३-५००-झेड हे व्हॉल्व्ह दुसऱ्या जातीचे. ८०७, ४-सीएक्स-२५०-बी, ३-सीएक्स-८००-ए-७ आणि ८८७७ हे तिसऱ्या जातीचे. आपल्या यंत्रांतील व्हॉल्व्ह कोणत्या जातीचा आहे हें मालकानें प्रथम पक्कें जाणून घ्यावें. कारण एकाला मानवणारें पथ्य दुसऱ्याला बाधतें.

थोरियममिश्रित तंतूचें रहस्य अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत अर्व्हिंग लँगम्यूर यानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उलगडलें. टंगस्टनमध्यें शेंकडा एक-दोन भाग थोरियमचें प्राणिद मिसळलेलें असतें आणि तंतूच्या पृष्ठभागावर कार्बनयुक्त टंगस्टनचा पातळ थर चढवलेला असतो. तप्त स्थितींत या थरांतील कार्बन थोरियमला प्राणवायूपासून मोकळें करतो. मोकळें झालेलें थोरियम पृष्ठभागावर येऊन एका अणूच्या जाडीची साय धरतें. आणि या सायींतून विद्युत्कण सहज बाहेर पडतात. साय हळूहळू उडून जाते आणि आंतून नवी येते. हा क्रम कार्बनचा थर शिल्लक आहे तोंपर्यंत चालतो. समईंतली वात पुढें सारली तर उजेड वाढतो, पण तेल लवकर सरतें. येथें कार्बन हें तें तेल आहे आणि वात पुढें सारणें म्हणजे तंतूचा दाब वाढवणें. व्हॉल्व्हच्या निर्मात्यांनीं याचें माप दिलें आहे. तंतूवरील दाब शेंकडा ३ नें वाढला कीं तापमान सुमारें २० अंशांनीं चढतें आणि आयुष्य निम्म्यावर येतें. उलट, दाब शेंकडा ३ नें उतरवला तर आयुष्याला त्याच मानानें लाभ होतो.

ही गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. ३-५००-झेड या व्हॉल्व्हच्या तंतूला ५ व्होल्ट दाब हवा, ४.७५ पेक्षां कमी नको आणि ५.२५ पेक्षां अधिक नको. समजा, यंत्रांतील रोहित्र २३० व्होल्टच्या विजेसाठीं बांधलेलें आहे. शेजारपाजारचे दिवे मालवल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास, पुष्कळ ठिकाणीं घरांतला दाब चढतो. तो २५० झाला तर तंतूवर ५.४३ व्होल्ट येतात. ही वाढ शेंकडा ९ च्या जवळपास झाली, म्हणजे तीन टक्क्यांच्या जवळजवळ तीन पायऱ्या. आयुष्य निम्म्याचें निम्में आणि त्याचेंहि निम्में. जो व्हॉल्व्ह आठ वर्षें पुरला असता तो त्या स्थितींत वर्षभरांत दमतो. दूरच्या देशांशीं बोलण्यास तर मध्यरात्रच सोयीची! यावर उपाय साधा आहे. रोहित्राच्या निरनिराळ्या टोंकांपैकीं योग्य टोंक निवडावें, किंवा बाजारांत डिमरस्टॅट म्हणून मिळणारें खुंटीचें रोहित्र तंतूच्या वाटेवर बसवून दाब हातानें नेमका करावा.

दाब मोजावयाचा तो व्हॉल्व्हच्या पायांपाशीं, रोहित्रापाशीं नव्हे. ३-५००-झेड च्या तंतूंतून साडेचौदा अँपिअर प्रवाह जातो. वाटेंतील तारा व बैठकीचे सांधे यांचा रोध एका ओहमच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा असला तरी पावशेराहून अधिक व्होल्ट, नेमकें सांगावयाचें तर ०.२९ व्होल्ट, वाटेंतच गळतात. सैल झालेल्या बैठकीमुळें तंतु अर्धपोटी राहतो आणि दोष मात्र व्हॉल्व्हच्या माथीं येतो. मापन करतांना उच्च दाबाचा पुरवठा पूर्णपणें तोडलेला असावा आणि मापक आधीं जोडून मग तंतु चालू करावा.

ध्वनिक्षेपण केंद्रांतील मोठ्या व्हॉल्व्हसाठीं निर्मात्यांनीं एक क्रम घालून दिला आहे. पहिले दोनशें तास तंतु पूर्ण दाबावर चालवावा. मग मिनिटामिनिटाच्या अंतरानें ०.१ व्होल्ट कमी करीत जावें आणि बाहेर पडणारी शक्ति पाहत राहावें. ज्या दाबाशीं ती घटूं लागते त्याच्या ०.२ व्होल्ट वर येऊन थांबावें. हौशी मंडळींच्या लहान व्हॉल्व्हला हाच विचार लागू आहे. मात्र ठरलेल्या खालच्या मर्यादेच्या खालीं जाऊं नये. ५ व्होल्टच्या तंतूला ४.८ च्या आसपास ठेवून शक्ति घटत नसेल, तर तेंच त्याचें पथ्य समजावें.

लेपाच्या ऋणाग्राची प्रकृति याच्या उलट आहे. त्याला उपास सोसत नाहीं. दाब फार कमी ठेवला तर नळींत उरलेल्या वायूच्या अंशानें लेप बिघडतो आणि त्याची विद्युत्कण सोडण्याची शक्ति खालावते. दाब फार वाढवला तर बेरियम उडून जाळीवर बसतें आणि मग जाळीच विद्युत्कण सोडूं लागते. म्हणून अशा व्हॉल्व्हच्या तापकाला सांगितलेला दाब शेंकडा पांचच्या आंत बिनचूक द्यावा. काटकसर करूं नये. याशिवाय त्याला वेळ द्यावा लागतो. तंतु क्षणार्धांत तापतो, पण लेपाची नळकांडी सावकाश तापते. ३-सीएक्स-८००-ए-७ आणि ८८७७ यांना काम सांगण्यापूर्वीं पूर्ण तीन मिनिटें तापूं द्यावें लागतें. अर्धवट तापलेल्या लेपांतून जबरीनें प्रवाह ओढला तर लेपाचे कण उखडले जातात आणि ती हानि पुन्हां भरून निघत नाहीं. वीज मध्येंच जाऊन लगेच परतली तरीहि तीन मिनिटांचा नेम पुन्हां पहिल्यापासून पाळावा. वेळ मोजणारें स्वयंचलित कळयंत्र यंत्रांत असेल तर उत्तमच. नसेल तर भिंतीवरचें घड्याळ आहेच.

तंतूच्या व्हॉल्व्हला प्रतीक्षा नको, पण चालू करण्याचा क्षण त्यालाहि जड जातो. थंड टंगस्टनचा रोध तप्त टंगस्टनच्या रोधाच्या सुमारें एक दशांश असतो. त्यामुळें कळ दाबतांच, रोहित्रानें आवरलें नाहीं तर, नेहमींच्या कित्येक पट प्रवाह तंतूंत घुसतो आणि तंतूला हिसका बसतो. रोहित्राच्या वाटेवर क्षणभर एक रोधक ठेवून एक-दोन सेकंदांनीं तो वगळण्याची व्यवस्था चांगल्या यंत्रांत केलेली असते. या हिसक्याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला तो १९४६ सालीं अमेरिकेंत प्रगट झालेल्या ‘एनिआक’ नांवाच्या गणकयंत्रांत. त्यांत सुमारें अठरा हजार व्हॉल्व्ह होते. ते बहुधा यंत्र चालू किंवा बंद करतांनाच जात, म्हणून तें यंत्र शक्यतों बंदच करीत नसत. यावरून हौशी माणसानें आपलें यंत्र रात्रंदिवस तापत ठेवावें असें मात्र नव्हे. थोरियमचा तंतु तापलेला प्रत्येक तास आयुष्यांतून वजा होतो. एका बैठकींत दहादां चालू-बंद करूं नये आणि बैठक संपल्यावर उगाच तापत ठेवूं नये, एवढाच त्यांतील मध्यम मार्ग. रोज दोन तास काम केलें तर वर्षाचे सातशें तीस तास होतात. चांगला राखलेला तंतु कित्येक हजार तास चालतो. हिशेब वाचकांनींच करावा.

ऋणाग्र सांभाळलें तरी बाकीच्या भागांची आंच उरतेच. कांच आणि धातु जेथें जोडलेले असतात ते सांधे सर्वांत दुबळे. ३-५००-झेड च्या तळाचे सांधे २०० अंशांच्या वर आणि माथ्याचा सांधा २२५ अंशांच्या वर जातां कामा नये. सांध्यास केंसाएवढी चीर पडली कीं हवा आंत शिरते आणि व्हॉल्व्ह संपतो. म्हणून हवा ढकलणारा पंखा हा शक्तिवर्धकाचा शोभेचा भाग नव्हे, तो त्याचा श्वास आहे. पंखा सुरू झाल्यावांचून तंतु पेटूं नये आणि यंत्र बंद केल्यावर पंखा आणखी दोन-तीन मिनिटें चालावा. शहरांतील धूळ पंख्याच्या पात्यांवर व व्हॉल्व्हच्या पाकळ्यांमध्यें घट्ट बसते. समुद्रकांठच्या गांवीं तिच्यांत खारट दमटपणाची भर पडते. वर्षांतून दोनदां पेटी उघडून ती झाडली पाहिजे. वीज वारंवार जाणाऱ्या गांवीं पंखा निराळ्या इन्व्हर्टरवर जोडल्यास चालतें यंत्र अवचित थांबलें तरी व्हॉल्व्हला वारा मिळत राहतो.

धनाग्र लाल झालेलें पाहून पुष्कळ जण घाबरतात. ३-५००-झेड च्या बाबतींत मंद लाली हें दुखणें नव्हे. त्याच्या धनाग्रावर झिर्कोनियम असतें आणि तें तापल्यावरच नळींतील उरलासुरला वायु शोषून घेतें. म्हणजे थोडी लाली त्याला औषधासारखी लागते. ग्रॅफाइटचें धनाग्र असलेल्या व्हॉल्व्हला अशी लाली दिसत नाहीं, म्हणून तेथें डोळ्यांवर विसंबूं नये. लाली नारिंगी-पिवळ्या रंगाकडे झुकूं लागली, किंवा दोन व्हॉल्व्हपैकीं एकच लाल झाला, तर मात्र लगेच थांबून कारण शोधावें.

व्हॉल्व्हचे सर्वांत अधिक बळी जातात ते जुळवणीच्या वेळीं. व्हॉल्व्ह आणि एरियल यांचा मेळ घालण्यासाठीं यंत्रावर दोन खुंट्या असतात. मेळ चुकला कीं धनाग्राकडे जाणारे विद्युत्कण वाटेंतल्या जाळीवर कोसळतात. जाळीची तार अतिशय बारीक आणि ऋणाग्राच्या अगदीं निकट. थोड्याच सेकंदांत ती वांकते किंवा वितळते. तिला पंख्याचा वारा लागत नाहीं, तिची लाली कोणाला दिसत नाहीं. म्हणून जुळवणी अल्प शक्तीवर आरंभावी. अखंड सूर न देतां तुटक तुटक ठोके द्यावे. एका वेळीं चार-पांच सेकंदांपेक्षां अधिक काळ कळ दाबून ठेवूं नये. आणि दृष्टि जाळीच्या प्रवाहमापकावर ठेवावी. एकदां मेळ बसला कीं प्रत्येक लहरीसाठीं खुंट्यांचे आंकडे टिपून ठेवावे. पुढच्या वेळीं निम्मी जोखीम टळते. आजचे शंभर वॅटचे संच कित्येक व्हॉल्व्हना गरजेपेक्षां अधिक रेटा देतात, तोहि आवरला पाहिजे. जाळीचा प्रवाह मर्यादेबाहेर जातांच यंत्र आपोआप थांबवणारी कळ बसवली तर ती एका व्हॉल्व्हच्या किंमतींत अनेकदां वसूल होते. आणि शक्तिवर्धक चालू करण्यापूर्वीं एरियल तपासावें. पावसाळ्यांत त्याच्या सांध्यांत पाणी शिरतें, तांबें हिरवें पडतें, आणि पाठवलेली शक्ति परत फिरून यंत्रावरच येते.

कपाटांत ठेवलेला नवाकोरा व्हॉल्व्हहि निश्चिंत नसतो. वर्षानुवर्षें पडून राहिल्यास धातूंत व कांचेंत दडलेला वायु सावकाश नळींत उतरतो. असा व्हॉल्व्ह काढून एकदम तीन हजार व्होल्टवर चढवला तर आंत ठिणगी पडते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर रॉकी पॉइंट येथें १९२१ सालीं सुरू झालेल्या प्रचंड प्रक्षेपण केंद्रांत अशा अवचित ठिणग्या उडत. म्हणून त्या प्रकाराला आजहि त्या गांवाचें नांव आहे. उपाय असा कीं, जुना साठ्यांतला व्हॉल्व्ह प्रथम कांहीं तास नुसता तंतूवर तापवावा, मग कमी दाबावर चालवावा, आणि शेवटीं पूर्ण दाब द्यावा. राखीव व्हॉल्व्ह उभा ठेवावा आणि वर्षांतून एकदोनदां पाळीपाळीनें यंत्रांत घालून चालवावा. इतकें करूनहि ठिणगी पडलीच, तर तिचा तडाखा कमी करण्यासाठीं उच्च दाबाच्या वाटेवर दहा ते पन्नास ओहमचा तारेचा जाड रोधक असावा. तीन हजार व्होल्टच्या पुरवठ्यांत पंचवीस ओहमचा रोधक प्रवाहाला १२० अँपिअरच्या पलीकडे जाऊं देत नाहीं. तो नसेल तर सगळा सांठा एका क्षणांत व्हॉल्व्हवर आदळतो.

येथें यंत्राहून मोलाच्या जिवाची गोष्ट सांगणें अगत्याचें आहे. तीन हजार व्होल्टवर भरलेल्या तीस मायक्रोफॅरडच्या विद्युत्संग्राहकांत १३५ जूल शक्ति असते. वीज तोडल्यावरहि ती तेथें दबा धरून बसते आणि माणसाचा प्राण घेण्यास ती पुरेशी आहे. पेटी उघडण्यापूर्वीं खिळाच भिंतींतून काढावा, मापक शून्यावर आल्याची खात्री करावी, आणि जमिनीला जोडलेली तार लांकडी दांड्याच्या टोंकानें संग्राहकाला लावून मगच हात आंत घालावा. घरांत दुसरें कोणी जागें नसतांना हें काम करूं नये. कांहीं व्हॉल्व्हमध्यें उष्णता वाहून नेण्यासाठीं बेरिलियमच्या प्राणिदाचा ठोकळा असतो. त्याची भुकटी फुप्फुसांना विषारी आहे. तो फोडूं नये, घासूं नये, मुलांच्या हातीं देऊं नये.

हा सगळा खटाटोप कशासाठीं, असें गृहिणी विचारील तर तें योग्यच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारी परिसरांत आणि २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां हौशी प्रक्षेपणकारांनीं निरोपांची देवघेव करून साहाय्य केलें. अशा ठिकाणीं बॅटरीवरचे लहान संचच कामाला येतात. पण त्यांचा क्षीण आवाज ऐकून त्याला खणखणीत उत्तर देणारें केंद्र दुसऱ्या टोंकाला असावें लागतें. असें केंद्र घरांतल्या एका कोपऱ्यांत, एका माणसाच्या निष्ठेवर उभें असतें. तें ऐन वेळीं चालावें यासाठींच आधीच्या शेंकडों निवांत संध्याकाळीं त्याची निगा राखावयाची.

या व्हॉल्व्हचा उगमहि अशाच निष्ठेंत आहे. कॅलिफोर्नियांतील सॅन ब्रूनो गांवीं बिल आयटेल आणि जॅक मॅककुलो या दोन हौशी प्रक्षेपणकारांनीं १९३४ सालीं स्वतःचा कारखाना काढला. हौशी मंडळींच्या कामाला पुरून उरेल असा व्हॉल्व्ह बनवणें हा त्यांचा हेतु होता. ‘आयमॅक’ हें त्यांच्या व्हॉल्व्हचें नांव पुढें जगभर झालें, आणि दुसऱ्या महायुद्धांत रडार यंत्रांनाहि ते व्हॉल्व्ह पुरवले गेले. ज्यांनीं ते घडवले त्यांनीं त्यांत आपल्याकडून कसूर ठेवली नाहीं. उरलेलें काम वापरणाऱ्याचें.

तें काम पांच मिनिटांचें आहे. यंत्राशेजारीं एक वही असावी. तींत व्हॉल्व्ह बसवल्याची तारीख, तंतूचा दाब, वापराचे तास, जाळीचा व धनाग्राचा प्रवाह आणि बाहेर पडलेली शक्ति हीं महिन्यांतून एकदां लिहावीं. तेवढ्याच रेट्याला शक्ति हळूहळू कमी होत असलेली दिसली, तर ऋणाग्र थकत आल्याची ती सूचना आहे. त्या वेळीं थोरियमच्या तंतूचा दाब मर्यादेच्या आंत किंचित् वाढवून आणखी कांहीं काळ काम घेतां येतें आणि तेवढ्या अवधींत राखीव व्हॉल्व्हची तजवीज करतां येते. वहींतील आंकडे असे आधींच बोलतात, आणि ज्यानें ते ऐकले त्याच्यावर ऐन निरोपाच्या वेळीं यंत्र मुकें होण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं.